आकडा फुटू नये म्हणून...

- विशेष प्रतिनिधी

परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली की गहजब होतो. कारण एकाला अगोदर मिळालेली माहिती हा इतरांवरचा अन्याय असतो. सरकारी आर्थिक आकडेवारीचेही तसेच आहे. महागाई किती वाढली, किती जणांना रोजगार मिळाला, कापूस-सोयाबीनचे पीक किती येणार, हे काही मिनिटे जरी आधी कळले तरी वायदेबाजारात प्रचंड नफा कमावता येतो. त्याची किंमत मोजतो तो या माहितीपासून दूर असलेला शेतकरी, व्यापारी किंवा गुंतवणूकदार. म्हणूनच असे आकडे जाहीर होईपर्यंत कुलूपबंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तिचे सर्वांत कडेकोट रूप अमेरिकेत दिसते आणि त्यामागे एका खिडकीच्या पडद्याची गोष्ट आहे.

पडद्याची खूण

अमेरिकेच्या कृषी खात्यातील सांख्यिकी अधिकारी एडविन होम्स हे कापसाच्या पिकाचे अंदाज दलालांना आगाऊ पुरवीत असल्याचे १९०५ मध्ये उघडकीस आले. खोलीच्या खिडकीचा पडदा ठरलेल्या उंचीवर ठेवून ते बाहेरच्या साथीदाराला खूण करीत. त्यावरून अंदाज ताडून बाजारात सौदे होत. कापूस उत्पादकांच्या संघटनेने आवाज उठविला, तेव्हा हे बिंग फुटले. त्याच वर्षी पीक अंदाजांचे काम एका व्यक्तीच्या हाती न ठेवता मंडळाकडे सोपविण्यात आले. पुढे कायदाही झाला. पीकविषयक गोपनीय माहिती मुदतीपूर्वी फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

बंद दाराआड

वॉशिंग्टनमधील कृषी खात्याच्या इमारतीत आजही या व्यवस्थेला 'लॉकअप' म्हणतात. महत्त्वाच्या पिकांची राज्यवार माहिती सांकेतिक रूपात येते आणि ती लॉकअप सुरू झाल्यावरच उलगडली जाते. दारावर पहारा असतो. आत जाणाऱ्याला मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. दूरध्वनी आणि इंटरनेट तोडले जाते. खिडक्यांचे पडदे तर मोहोरबंद केले जातात! आत गेलेला माणूस अहवाल जाहीर होईपर्यंत बाहेर पडू शकत नाही. सही करण्यासाठी अखेरच्या टप्प्यात आत येणारे कृषिमंत्रीही त्याला अपवाद नाहीत. तेथील दुपारच्या बाराच्या ठोक्याला, म्हणजे ऋतूनुसार आपल्याकडे रात्री साडेनऊ किंवा साडेदहा वाजता, अहवाल सर्वांसाठी एकाच वेळी खुला होतो.

शर्यत सेकंदांची

पत्रकारांनाही पूर्वी असेच कोंडून घेतले जाई. रोजगाराचे आकडे सकाळी साडेआठला जाहीर होतात. त्याआधी अर्धा तास पत्रकारांना बंद खोलीत अहवाल दिला जाई, जेणेकरून घाईत चुकीची बातमी जाऊ नये. परंतु संगणकाच्या आधारे क्षणार्धात सौदे करणाऱ्या कंपन्या आल्या आणि गणित बदलले. वृत्तसंस्थांच्या वेगवान जोडण्यांमुळे त्यांच्या ग्राहकांना सर्वसामान्यांपेक्षा एक-दोन सेकंद आधी आकडा मिळू लागला. तेवढा अवधीही या कंपन्यांना पुरेसा होता. कृषी खात्याने २०१८ मध्ये पत्रकारांची ही सवलत काढून घेतली. कामगार खात्यातील पत्रकारांचे लॉकअपही २०२० मध्ये बंद झाले. आता आकडे थेट संकेतस्थळावर येतात.

वरच्या मजल्यावरील फट

तथापि धोका केवळ कनिष्ठ कर्मचारी वा पत्रकारांकडूनच असतो असे नाही. रोजगाराचे आकडे आदल्या दिवशी आर्थिक सल्लागार मंडळाच्या अध्यक्षांमार्फत राष्ट्राध्यक्षांना कळविले जातात. आकडे जाहीर झाल्यानंतर तासभर सरकारमधील कोणी त्यावर भाष्य करू नये, असा १९८५ चा दंडक होता. १ जून २०१८ रोजी सकाळी ७ वाजून २१ मिनिटांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आपण साडेआठच्या आकड्यांची आतुरतेने वाट पाहत असल्याचे ट्विट केले. त्यात आकडा नव्हता. परंतु बाजाराने त्याचा अर्थ लावला आणि डॉलर व सरकारी रोख्यांवरील परतावा वधारला. प्रत्यक्षात आकडे चांगलेच निघाले. ब्रिटनने यावर सरळ उपाय केला. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने १ जुलै २०१७ पासून आपली आकडेवारी मंत्र्यांना आधी देण्याची प्रथाच थांबविली.

संकेतस्थळांमुळे नवी संकटेही आली. १५ मे २०२४ रोजी अमेरिकेतील महागाईच्या काही फायली नजरचुकीने अर्धा तास आधीच संकेतस्थळावर चढल्या. २१ ऑगस्ट २०२४ रोजी नेमके उलटे घडले. रोजगाराच्या आकड्यात ८ लाख १८ हजारांची घट दाखविणारी सुधारणा वेळेवर झळकलीच नाही. मात्र दूरध्वनी करून विचारणाऱ्या काही वित्तसंस्थांना ती सांगितली गेली. उशीरही असा पक्षपाती ठरू शकतो.

आपल्याकडे

भारतात सांख्यिकी मंत्रालय आकडे जाहीर करण्याच्या तारखांचे वेळापत्रक आगाऊ प्रसिद्ध करते. किरकोळ महागाईचा दर महिन्याच्या १२ तारखेला येतो. त्याची वेळ नोव्हेंबर २०२४ मध्ये सायंकाळी साडेपाचवरून दुपारी चार करण्यात आली. मुंबई शेअर बाजाराचे व्यवहार साडेतीनला थांबतात. त्यामुळे आकडा वाचून विचार करण्यास गुंतवणूकदाराला दुसऱ्या सकाळपर्यंत अवधी मिळतो.

तारीख आणि वेळ आधीच ठरलेली असणे हेही एक कुलूपच आहे. आकडा गैरसोयीचा आहे म्हणून लांबविला, किंवा सोयीचा म्हणून लवकर आणला, तर ते लगेच लोकांच्या ध्यानात येते. या साऱ्या बंदोबस्ताचा हेतू माहिती दडविण्याचा नसून ती मंत्री, दलाल आणि शेतकरी यांच्या हाती एकाच क्षणी पडावी, हा आहे. आकडे फुटतात अशी शंका एकदा रुजली, की खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.