नोंद नसलेल्या ओढ्याचा महापूर

ज्या ओढ्यावर प्रवाहमापनाचे ठाणे नाही आणि ज्याच्या पुराची एकही नोंद सरकारी दफ्तरात सापडत नाही, त्यावर पूल बांधताना महापुराचा आकडा निव्वळ अदमासाने ठोकून दिला जातो, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुतः देशातील बहुसंख्य लहान ओढेनाले असेच मापनाविना राहिल्यामुळे त्यांच्यासाठी गेल्या शतका-दीड शतकात एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. केंद्रीय जल आयोगाने पर्जन्य आणि भूस्वरूप यांचे साम्य पाहून देशाचे 7 विभाग व 26 उपविभाग कल्पिले. प्रत्येक उपविभागातील मोजलेल्या प्रवाहांचा पाणलोटाचे क्षेत्रफळ, लांबी व उतार यांच्याशी असलेला संबंध निश्चित केला, आणि त्याच संबंधाच्या आधारे न मोजलेल्या शेजारच्या ओढ्याचा पूर किती वेगाने चढेल व कोठवर जाईल, हे काढण्याची तजवीज केली.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा, की सूत्र एकदा हाती आले म्हणजे ते कोठेही चालते. पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून महापूर काढणारे डिकन्सचे 1865 चे सूत्र घ्या. त्यातील गुणांक उत्तरेच्या मैदानासाठी 6, तर मध्य भारतात 28 पर्यंत चढतो. परिणामी 100 चौरस किलोमीटरच्या पाणलोटाचा पूर सेकंदास 190 घनमीटर की 885, हे सर्वस्वी त्या एका अंकावर अवलंबून राहते. सह्याद्रीतील नद्यांवरून मुंबई इलाख्यासाठी बसविलेले इंग्लिस यांचे सूत्र तेवढ्याच क्षेत्राला सुमारे 1,180 घनमीटर देते. तेच सूत्र माणदेशातील अवर्षणग्रस्त ओढ्यास डोळे झाकून लावणे शास्त्रसंमत म्हणता येणार नाही.

क्षेत्र चौपट झाले की पूरही चौपट होतो, हेही खरे नव्हे. इंग्लिस यांच्या सूत्राने 400 चौरस किलोमीटरला सुमारे 2,450 घनमीटर, म्हणजे जेमतेम दुपटीहून किंचित अधिक पूर येतो. कारण विस्तीर्ण मुलखावर सर्वत्र सारख्याच जोराची सर कोसळत नाही आणि दूरदूरचे पाणी एकाच घटकेस एकत्र येत नाही.

गावकऱ्यांच्या सांगण्यास किंमत नसते, हा समज मला सर्वाधिक घातक वाटतो. पूर ओसरल्यावर बाभळीच्या फांदीत अडकलेला पाचोळा, देवळाच्या भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ आणि ‘पाणी या पायरीला लागले होते’ हे वृद्धाचे बोट, या खुणांची पातळी दुर्बिणीने घेऊन, पात्राचे छेद, पाण्याचा उतार व तळाचा खडबडीतपणा यांवरून मॅनिंगच्या सूत्राने त्या दिवशीचा विसर्ग काढता येतो, आणि सूत्रांनी दिलेल्या आकड्यांची पारखही होते.

शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, हीही समजूत टाकून द्यावी. त्याचा अर्थ इतकाच, की दरवर्षी त्याची शक्यता शेकडा 1 असते. 30 वर्षांच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा 26 भरते. हिशेबात धरलेल्याहून मोठा पूर प्रत्यक्षातही येतो: मोरवीजवळचे मच्छू-2 धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी फुटले, तेव्हा आलेला लोंढा सांडव्याच्या संकल्पित क्षमतेच्या दुपटीहून अधिक होता.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीस विनंती आहे, की मोठा पूर ओसरताच पाणी जेथवर चढले तेथे पक्क्या दगडावर तेलरंगाची रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी.