शेतराखणीच्या बंदुकीला 'रेड डॉट' लावावा का? मणी बरा की लाल ठिपका? परवानाधारकांनी खर्च करण्याआधी हे वाचा

भात पोटरीत आलं की रायगडच्या किनारपट्टीवर राखणीचे दिवस सुरू होतात. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत डोंगराला लागून असलेल्या खाचरांत रात्री डुकरांचा कळप उतरतो आणि सकाळी अर्धं शेत लोळवलेलं दिसतं. भात संपलं की वालाची पाळी. त्यामुळे ज्या घरात शेतराखणीचा परवाना आहे तिथे बंदूक पुसून तयार ठेवली जाते.

हल्ली त्यात एक नवीन प्रश्न आला आहे. मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ दिसतात. बंदुकीवर छोटीशी काच, काचेत लाल ठिपका, ठिपका जनावरावर आला की बार. ऑनलाइन दुकानांतही तसलं सामान दिसतं. मग घरातली तरुण मंडळी म्हणतात, "काका, आपल्या बाराबोरवर पण हे बसवूया ना!"

बसवावं का? उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही. आधी दोन्ही गोष्टी कशा चालतात ते समजून घेऊ.

साधा नेम म्हणजे काय?

आपल्याकडच्या बहुतेक एकनळी-दुनळी बंदुकांच्या नळीच्या टोकावर पितळेचा किंवा स्टीलचा बारीक मणी असतो. मागे रायफलसारखी खाच नसते. मग मागचा नेम कुठला? तर तुमचा डोळा. दस्ता खांद्याला घट्ट, गाल दस्त्यावर टेकलेला आणि नजर नळीवरून सरळ मण्यावर, ही बसण्याची ढब दरवेळी सारखी असेल तर बार दरवेळी एकाच जागी जातो. गाल वर उचलला की बार वर जातो. बंदूक चांगली असून नेम चुकतो त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

काही बंदुकांना नळीवर पट्टी आणि मध्ये दुसरा मणी असतो. दोन्ही मणी एका रेषेत दिसले की डोळा जागेवर आहे असं समजायचं.

साध्या नेमाला सेल लागत नाही, तो पावसात बंद पडत नाही, धक्क्याने हलत नाही. त्याची अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे अंधुक उजेड. तिन्हीसांजेला काळपट मणी काळपट झुडपावर दिसतच नाही. दुसरी म्हणजे वय. चाळिशी लागली की जवळचं धूसर दिसतं. मणी स्पष्ट बघावा तर जनावर पुसट, जनावर बघावं तर मणी पुसट.

लाल ठिपका कसा चालतो?

रेड डॉटला लोक दुर्बीण म्हणतात, पण ती दुर्बीण नव्हे. ती लांबचं जवळ दाखवत नाही. आत एक बारीक दिवा असतो. त्याचा लाल प्रकाश खास थर दिलेल्या काचेवर आपटून फक्त तुमच्या डोळ्याकडे येतो. त्यामुळे ठिपका दूर लक्ष्यावर टेकल्यासारखा दिसतो. जनावराच्या अंगावर मात्र कुठलाही प्रकाश पडत नाही. अशा प्रकारचा इलेक्ट्रॉनिक नेम 1975 साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बाजारात आणला.

याचा मोठा फायदा म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि नजर एकाच ठिकाणी, लक्ष्यावर ठेवायची असते. मणी आणि जनावर असं दोनदा बघावं लागत नाही. चाळिशीच्या डोळ्यांना हे नक्कीच सोपं पडतं. डोकं थोडं इकडे-तिकडे झालं तरी ठिपका दाखवतो तिथेच बार जातो.

पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ज्यांच्या चष्म्यात तिरपा नंबर असतो त्यांना हा ठिपका गोल दिसत नाही. तो फिस्कटलेला किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या चष्म्यासकट डोळ्याला लावून बघा. फोटो बघून ऑर्डर देऊ नका.

छऱ्याला एवढा बारीक नेम लागतो का?

खरा मुद्दा इथे आहे. बाराबोरच्या नळीचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटरचं. आत रायफलसारखे आटे नसतात. छऱ्यांचं काडतूस उडालं की छरे पसरत जातात. चोक नसलेल्या नळीचा ढोबळ हिशोब असा की दर वाराला इंचभर पसारा. म्हणजे 20 वारांवर सुमारे 20 इंच, दीड फुटापेक्षा जास्त. एवढ्या पसाऱ्यात ठिपका बोटभर इकडे की तिकडे याने फारसा फरक पडत नाही. 35-40 वारांच्या पुढे छरे विरळ होतात आणि जोर कमी होतो. तिथे मणी असो की ठिपका, जनावर फक्त जखमी होऊन पळतं. जखमी डुक्कर किती घातक असतं ते गावात वेगळं सांगायला नको.

उडत्या तबकड्यांवर बार टाकणारे नेमबाजही नुसत्या मण्याच्याच बंदुका वापरतात. राज्यवर्धनसिंग राठोड यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्यपदक जिंकलं, तेही लाल ठिपक्याशिवाय.

ठिपक्याचा खरा उपयोग कुठे? एकच मोठी गोळी असलेलं काडतूस वापरायचं असेल तर. एक गोळी म्हणजे पसारा नाही, तिथे बारीक नेम लागतो. मोठ्या छऱ्यांच्या एलजी-एसजी काडतुसांनाही थोडा फायदा होतो, कारण दाणे मोजकेच असतात.

जुन्या बंदुकीवर बसवताना काय अडचण येते?

रेड डॉट बसवायला नळीच्या मागच्या भागावर खाचांची पट्टी लागते. नव्या पंप आणि सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर ती असते किंवा बसवायची सोय असते. आपल्याकडच्या जुन्या दुनळीला ती नसते. मग भोकं पाडून आटे करावे लागतात.

हे काम गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे चुकूनही नेऊ नका. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल करायला करणाऱ्याकडेही परवाना लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या जागी काडतूस पेटतं तिथलं लोखंड पातळ केलं तर नळी फुटू शकते. तिथेच तुमचा डावा हात आणि तोंड असतं.

आणखी एक अडचण उंचीची. जुन्या बंदुकीचा दस्ता मणी बघण्यासाठी घडवलेला असतो. ठिपक्याची काच नळीपेक्षा बरीच वर बसते. ती बघायला मान उचलावी लागते, गाल दस्त्यावरून सुटतो आणि बाराबोरचा धक्का जबड्याला बसतो. दस्त्यावर गालासाठी उंची वाढवल्याशिवाय हे जमत नाही.

ठासणीच्या बंदुकीवर तर हा विषयच सोडून द्या. दारूचा धूर आणि काजळी काचेवर बसणार, केपच्या ठिणग्या शेजारी उडणार. तिथे मणीच बरा.

खारी हवा, पाऊस आणि स्वस्त माल

आपल्या किनाऱ्यावर खिडकीचे गजसुद्धा दोन वर्षांत गंजतात. सेलच्या खोबणीत खारी हवा गेली की हिरवट बुरशीसारखं येतं आणि ठिपका ऐन वेळी लागत नाही. काच थंड आणि हवा दमट असली की काचेवर वाफ धरते. म्हणून घ्यायचाच असेल तर पाण्यात टिकणारा घ्या. 'आयपीएक्स 7' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं राहूनही आत पाणी जात नाही. बहुतेकांना बटणासारखा 'सीआर 2032' सेल लागतो. राखण सुरू होण्याआधी तो बदला आणि एक जास्तीचा घरात ठेवा.

ऑनलाइन मिळणारा बराचसा स्वस्त माल खेळण्यातल्या किंवा छऱ्याच्या एअरगनसाठी असतो. बाराबोरच्या धक्क्याने त्याचे स्क्रू सैल होतात, ठिपका सरकतो. ठिपका दिसत राहतो, पण बार दुसरीकडेच जातो. बंद पडलेला ठिपका परवडला, खोटं सांगणारा नको.

नेम जुळवणं: इथेही खर्च आहे

ठिपका बसवला म्हणजे काम झालं असं नाही. अधिकृत शूटिंग रेंजवर 25 मीटरवर मोठा कागद लावून, बंदूक टेकवून बार टाकायचा आणि पसाऱ्याचा मध्य कुठे आला ते बघायचं. मग स्क्रूने ठिपका सरकवायचा. एका टिकटिकीला 1 एमओए असेल तर 25 मीटरवर बार जेमतेम पाऊण सेंटीमीटर सरकतो. 7 सेंटीमीटर सरकवायला 10 टिकटिकी. यात काडतुसं जातात आणि परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते हे लक्षात ठेवा.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते. परत आणल्यावर ठिपका जागेवर आहे का ते पुन्हा तपासावं लागेल. मण्याला ही भानगड नाही.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तर आटे नसलेल्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त 2 बंदुका राहू शकतात. बंदुकीवर नवीन काही बसवण्याआधी अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या परवाना शाखेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. उरण-पनवेल भागात नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात विचारा.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. इथे बरेच जण फसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे रानडुक्कर संरक्षित आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, आधी अर्ज करून. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं. मटण वाटून घेतलं की गुन्हा. वानर-माकडांवर तर बंदूक रोखूच नका.

फणसाड अभयारण्याजवळच्या मुरूड-रोहा भागातल्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं, आणि तिथे नवीन परवान्यालाही वनखात्याची संमती लागते. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: ठिपका जनावर ओळखत नाही

कोकणात "डुक्कर समजून बार टाकला आणि माणूस गेला" अशा बातम्या आपण वाचतो. बार टाकणारा आणि गेलेला, दोघं बहुतेक वेळा एकाच गावातले असतात. अंधारात झुडूप हललं, काळं काही दिसलं, चाप ओढला गेला. अशा वेळी लाल ठिपका मदत करत नाही, उलट धोका वाढवतो. अंधारात ठिपका ठळक दिसतो, म्हणून आपल्याला सगळं दिसतंय असा भास होतो. ठिपक्याचा उजेड जास्त ठेवला तर त्यामागचं उलट दिसेनासं होतं. काठी घेऊन राखणीला निघालेला शेजारीही त्या ठिपक्यामागे काळी सावलीच असतो.

म्हणून नियम एकच. जनावर पूर्ण दिसलं, ओळखलं, त्याच्या मागे घर, वाट, माणूस नाही याची खात्री झाली, तरच बोट चापावर. बाकीच्या वेळी बोट बाहेर. राखणीला कोण कुठल्या माळ्यावर बसलंय हे संध्याकाळीच एकमेकांना फोन करून सांगा.

मग घ्यावं काय?

ठासणीची बंदूक किंवा जुनी दुनळी असेल आणि छऱ्यांचीच काडतुसं वापरत असाल तर मणीच ठेवा. मणी दिसत नसेल तर त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. नाहीतर परवानाधारक गनस्मिथकडून फायबरचा चकाकणारा मणी बसवून घ्या. त्याला सेल लागत नाही आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत तो उठून दिसतो. बहुतेकांचं काम एवढ्यात भागतं.

बंदूक नवी आहे, पट्टी आहे, डोळ्यांना मणी दिसतच नाही, वनखात्याची परवानगी हातात आहे आणि रेंजवर जाऊन नेम जुळवायची तयारी आहे, अशांनी चांगल्या प्रतीच्या रेड डॉटचा विचार करावा. खालचा मणी मात्र काढू नका. सेल गेला तर तोच कामी येतो.

आणि खिशात पैसे मोजकेच असतील तर ते आधी डोळ्यांच्या तपासणीवर, चांगल्या बॅटरीवर आणि बांधाच्या कुंपणावर घाला. नुकसान झालं तर बंदूक काढण्याआधी फोटो काढा आणि वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईचा अर्ज त्यावरच उभा राहतो.