रांजणखळग्यांपाशी भूगोलाचा तास

पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, निघोजजवळ, कुकडी नदीने बेसॉल्टच्या पात्रात असंख्य रांजणखळगे कोरले आहेत. त्यांचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकते: भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरतात, खडक घासला जातो, खळगा तयार होतो. पदवीच्या परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात.

पात्रात उतरल्यावर मात्र प्रश्न पडू लागतात. हा खळगा खोल आणि शेजारचा उथळ कसा? हे दोन एकमेकांत मिसळले कसे?

उत्तर सांगण्याआधी शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या हाती टेप द्यावी. कोरड्या खळग्यांचा व्यास आणि खोली मोजायची, होकायंत्राने खडकातल्या भेगांची दिशा टिपायची. आतल्या भिंतीवरून तळहात फिरवला, की घासून आलेला गुळगुळीतपणा जाणवतो; तळाशी साचलेली वाळू आणि गोटे म्हणजे नदीची हत्यारेच. वर्गात परतल्यावर आलेख काढायचा. खळग्यांची रांग भेगांच्या दिशेने गेली असेल, तर तिथे खडक आधीच कमजोर होता असा कयास बांधता येतो. तसे दिसले नाही, तर दुसरे कारण शोधायचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्याही मग तपासल्या जातात. भूरूपशास्त्र घडते ते असे, मोजमाप आणि तर्कातून.

नकाशाचेही तेच. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा दाटल्या की चढ तीव्र, हे तो चढ चढताना पोटऱ्यांना कळते आणि मग विसरत नाही. हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा तरंगघर्षित मंच पाहिला, की लाटा कडा कशा मागे हटवतात हेही उमगते.

दूर जायला पैसे नाहीत, ही अनेक महाविद्यालयांची खरी अडचण आहे. पण जवळचा ओढाही पुरतो. पावसाळ्याआधी आणि पाणी ओसरल्यावर त्याच ठिकाणी पात्राचा छेद मोजायचा, दर वर्षी मोजायचा. काठ किती ढासळला, गाळ कुठे साचला, याची नोंद पुढच्या तुकडीला आयती मिळते. भूगोल विभागांनी क्षेत्रभेटीला सहलीसारखे उरकू नये. तिला वेळापत्रकात हक्काची जागा आणि क्षेत्रवहीला भरीव गुण द्यावेत.