सोंगाड्या जेव्हा नायक होतो

मंडळी, आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. पण विनोदी सहायक पात्र नायकाच्या जागी येऊन बसलं, की नेमकं काय बदलतं, हा प्रश्न आपण तत्त्वज्ञानाच्या अंगाने तपासला तर तो वाटतो तितका सोपा नाही.

आधी या पात्राचं नाटकातलं काम पाहू. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त माधव्य हा विदूषक आहे. दुष्यंत आपलं मन त्याच्यापाशी उघडं करतो, पण त्याला राजधानीत परत पाठवताना सांगतो, की शकुंतलेबद्दल बोललो ती सगळी थट्टा होती. पुढे शापामुळे राजा तिला विसरतो. नंतर तो विदूषकाला विचारतो, की तू तरी आठवण का करून दिली नाहीस? विदूषक म्हणतो, तुम्हीच थट्टा म्हणालात, मी ते खरं मानलं! म्हणजे बघा, ज्याला सगळं ठाऊक असतं, त्याच्या ज्ञानाला नाटकात वजन नसतं. तो नायकाच्या सोयीसाठी असतो. कांटच्या भाषेत बोलायचं तर त्याला केवळ साधन म्हणून वापरलं जातं. त्याला स्वतःचं साध्य असू शकतं, हे कुणाच्या मनातच येत नाही.

आपल्या वगनाट्यातला सोंगाड्या याच कुळातला, पण जास्त धीट. राजाला तोंडावर बोलण्याची मुभा त्याला असते, कारण त्याचं बोलणं हसण्यावारी नेता येतं. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांनी हवालदार गाजवला. त्यानंतर सबनीसांनीच लिहिलेला ‘सोंगाड्या’ 1971 साली पडद्यावर आला. त्यातला नाम्या भाबडाच आहे, पण आता गोष्ट त्याची आहे. आईचा धाक त्याला, तमाशाची ओढ त्याला, प्रेमही त्यालाच. हिंदीत मेहमूद यांनी ‘कुंवारा बाप’मध्ये (1974) रिक्षावाल्याला असंच मध्यभागी आणलं, आणि टाकून दिलेल्या मुलाचं बापपण त्याच्या पदरात घातलं.

इथे अडचण सुरू होते. सहायक पात्राचं दुःख आपण हसून सोडून देऊ शकतो, नायकाचं नाही. जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’ची (1992) पटकथा पु. ल. देशपांडे यांची. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा आबुराव तमाशातला सोंगाड्या आहे, तो सिनेमाचा नट होतो, लोक डोक्यावर घेतात. आणि हाच माणूस स्वतःच्या न हसणाऱ्या मुलीपुढे धडपडत राहतो. जगाला हसवणं हा त्याचा धंदा, पण मुलीचं हसू ही त्याची स्वतःची गरज. हा फरक कळतो, तिथे तो साधन राहत नाही, माणूस होतो.

मग प्रत्येक विनोदी पात्राला नायक करावं का? तसं नव्हे. नुसते विनोद वाढवून नायक घडत नाही, त्याला हवंसं काहीतरी आणि गमावण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं. ते दिलं नाही, तर दोन तासांत आपण कंटाळतो.

आपल्या घरात, कचेरीतही असा एखादा गमत्या असतोच. सगळ्यांना हसवतो, म्हणून त्याला काही दुखत-खुपत असेल, हे आपण धरतच नाही. त्याने कधी गंभीरपणे काही सांगितलं, तर ‘थट्टा करतोस’ म्हणून आपण उडवून लावतो. दुष्यंताने विदूषकाचं तेच केलं होतं, आणि त्याची किंमत शकुंतलेने मोजली.