टोकाची काळजी

सव्वीस नंबरची, अर्धा इंचाची सुई. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते आणि एरवी इंजेक्शन देण्यापलीकडे तिला काही काम नसतं. सोलापुरातल्या डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात मोतीबिंदूची ‘लिस्ट’ सुरू होताना मात्र सर्जन ती सिरिंजवर चढवतात, जाडसर नीडल होल्डरमध्ये तिचं अगदी टोक धरतात आणि जवळजवळ काटकोनात वाकवतात. मग बुडाशी आणखी एक बाक. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. तयार होतो तो सिस्टिटोम : भिंगावरचं आवरण गोलाकार फाडायचं हत्यार. एका ऑपरेशनपुरतं घडवायचं आणि ते संपलं की टाकून द्यायचं.

टोक किती वाकवायचं याचं ज्याचं त्याचं माप असतं. वाकलेला भाग लांब राहिला तर तो आवरण ओढायचं सोडून खालचा मोतीबिंदू खरवडत बसतो; आखूड राहिला तर पकडच घेत नाही. आणि या कामाला कुणी चुकून बारीक नीडल होल्डर उचलला, तर सिस्टर रागावतात. रागावणं रास्तच आहे. त्याचे जबडे दहा-शून्य टाक्याच्या अतिबारीक सुईसाठी घडवलेले असतात. त्या टाक्याचा नायलॉनचा दोरा ०.०३ मिलिमीटरही जाड नसतो. असल्या जबड्यांत इंजेक्शनची सुई दाबली, की ते पुन्हा नीट मिटत नाहीत आणि एक महागडं हत्यार कायमचं बाद होतं.

ट्रेमध्ये हिरव्या कापडावर अशी दीड-दोन डझन हत्यारं ओळीनं मांडलेली असतात. पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा स्पेक्युलम, वरचा स्नायू धरायचा चिमटा, मोजायला कॅलिपर, व्हॅनसची कात्री, मॅकफर्सनचा चिमटा, सिम्कोची कॅन्युला, सिन्स्कीचा हूक. कुणी फिनलंडचा, कुणी अमेरिकेचा. ज्या डॉक्टरांनी ही हत्यारं पहिल्यांदा आपल्या मनासारखी बनवून घेतली त्यांची ही आडनावं. इथे ‘सिन्स्की’ एवढं म्हटलं की पुढच्या क्षणी तो सर्जनच्या बोटांत असतो. मायक्रोस्कोपवरून डोळे काढायची गरज पडत नाही. पडूही नये. सगळ्या मांडणीचा हेतूच तो.

यातलं बहुतेक प्रत्येक हत्यार दहा-बारा सेंटिमीटर लांब असतं, पण काम करणारा भाग शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांतच संपतो. बाकीची लांबी बोटांसाठी. म्हणून मधला भाग खरखरीत ठेवलेला असतो, नाहीतर ओल्या हातमोज्यातून हत्यार घसरेल. ही अडचण फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूच्या शलाकेचं वर्णन येतं : आठ अंगुळं लांब, तांब्याची, लोखंडाची किंवा सोन्याची, टोकं कळीच्या आकाराची आणि मधोमध सूत गुंडाळलेली. ते सूत पकडीसाठीच असणार. डाव्या डोळ्याला उजव्या हातानं आणि उजव्या डोळ्याला डाव्या हातानं वेध करावा, असंही तिथे सांगितलं आहे. म्हणजे दोन्ही हात तयार हवेत, ही अट तेव्हापासूनची.

त्या शलाकेनं मोतीबिंदू बाहेर निघत नसे. तो नजरेच्या वाटेतून नुसता बाजूला सारला जाई. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं करून घेतली, ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. डोळा फाडून भिंग बाहेर काढण्याची रीत त्याआधीच, अठराव्या शतकाच्या मध्यावर, फ्रान्सच्या झाक दाव्हिएलनं रूढ करायला घेतली होती. काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवायला मात्र १९४९ साल उजाडावं लागलं. ते काम लंडनच्या हॅरॉल्ड रिडलींचं.

सोलापूरच्या टेबलावर येणारा माणूस बहुधा साठीच्या पुढचा असतो. आयुष्यभर बिड्या वळलेली बाई, यंत्रमागावर उभा राहिलेला कामगार, मंगळवेढ्याकडचा ज्वारीचा शेतकरी. तुळजापूर, अक्कलकोट, सीमेपलीकडचं विजयपूर, कलबुर्गी, सगळीकडची माणसं या शहरात दवाखान्याला येतात. त्यामुळे थिएटरात एकच सूचना तीन भाषांत द्यावी लागते : ‘हलू नका’, ‘अलुगाडबेडी’, ‘कदलवद्दु’. डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन दिलं की डोळा हलायचा थांबतो. पण माणूस जागा असतो आणि खोकला त्याला विचारून येत नाही. म्हणून सर्जनची मनगटं टेकलेली आणि बोटं हलकी असतात. रुग्णाचं डोकं हललंच, तर हातही त्याच्याबरोबर हलला पाहिजे.

आता खरी कसोटी. बुबुळाच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सहा-सात मिलिमीटरचा छेद घेतला जातो. दोन्ही टोकं काठापासून दूर वळलेली. खोली अंदाजे ०.३ मिलिमीटर, म्हणजे पांढऱ्या भागाच्या जाडीच्या निम्मी. मग क्रेसंट नावाचं, गोलसर टोकाचं पातं त्या छेदात शिरतं आणि डावी-उजवीकडे झुलत, थर न सोडता पुढे सरकत कॉर्नियात पोचतं. पाठीमागे एक चपटा बोगदा तयार होत जातो.

खोली मोजायला इथे कुठलंही यंत्र नसतं. जे काही कळतं ते पात्याकडे बघून. पांढऱ्या थराखालून पात्याची कड अंधूक दिसत राहिली, तर थर बरोबर आहे. कड स्वच्छ चमकायला लागली, तर पातं फार वर आलंय आणि छप्पर फाटून भोक पडणार. कड दिसेनाशीच झाली, तर पातं खोल चाललंय. ते वेळेआधी आत घुसणार आणि बुबुळाचा रंगीत पडदा जखमेतून बाहेर डोकावणार. सुधारणा करायला वाव असतो तो हाताच्या कोनात, एखाद्या अंशाचा. पातं बोथट असेल तर तेवढाही नाही, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की कोनावरचा ताबा सुटतो. नवं पातं कापताना हाताला जवळजवळ काही जाणवत नाही. जाणवायला लागलं, की अनुभवी सर्जन ते बाजूला ठेवून दुसरं मागतात.

बोगदा जमला की बाकीचं बरंचसं जमतं. केराटोमचं टोकदार पातं आत शिरून वाट उघडतं. मघाची वाकवलेली सुई कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असलेल्या आवरणात गोल फिरते. पिकलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूवर हे आवरण दिसतच नाही, म्हणून ते आधी ट्रायपॅन ब्ल्यूनं निळं करून घेतात. मग सिन्स्कीच्या हुकानं भिंगाचा कठीण गाभा पिशवीतून वर फिरवून काढायचा.

गाभा बाहेर काढण्याची घटका सगळ्यात नाजूक. जिथे हे चालतं ती जागा जेमतेम तीन मिलिमीटर खोल. वर कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी, ज्या एकदा गेल्या की माणसाच्या डोळ्यात पुन्हा तयार होत नाहीत. खाली भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा, अवघा ०.००४ मिलिमीटर जाडीचा. दोन्हीला धक्का न लावता गाभ्याखाली व्हेक्टिस सरकवतात. हा वेढ्याच्या आकाराचा छोटा चमचा; त्याच्या छिद्रांतून पाणी वाहतं आणि त्या पाण्याच्या दाबावर गाभा बोगद्यातून सरकत बाहेर येतो. नेपाळमधल्या ‘लहान’ नावाच्या गावच्या नेत्ररुग्णालयात डॉ. अल्ब्रेख्त हेनिग यांनी हेच काम आणखी स्वस्त केलं : तीस नंबरची सुई गळासारखी वाकवायची, गाभ्यात रुतवायची आणि तो ओढून घ्यायचा. पुन्हा सुई, पुन्हा दोन बाक.

उरलेला मऊ भाग सिम्कोनं निघतो. या कॅन्युलाला दोन नळ्या असतात. एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून सिरिंजनं ओढून घ्यायचं. पंप नाही, पेडल नाही. किती ओढायचं ते अंगठ्यानं ठरवायचं. मग मॅकफर्सनच्या चिमट्यात नवं भिंग धरून आत सोडायचं आणि सिन्स्कीनं फिरवून जागेवर बसवायचं. बोगदा नीट असेल तर डोळ्यातला दाबच त्याचा आतला ओठ मिटवतो. टाका लागत नाही.

बिनयंत्राचं ऑपरेशन म्हणजे गरिबांसाठीची तडजोड, असा समज शहरांत अजून आहे. हा समज तपासण्याचं काम पुण्यात झालं, तेही कागदावर नव्हे. पुणे अंधजन मंडळाच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी आधी जुन्या टाक्याच्या पद्धतीशी या बोगद्याच्या पद्धतीची तुलना केली; ७४१ रुग्णांचा तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००५ मध्ये गाभा आतच फोडून ओढून घेणाऱ्या फेको यंत्राशी तुलना, ४०० डोळ्यांवर. सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणाऱ्यांत फेकोची बाजू वरचढ होती, साधारण ८१ टक्के विरुद्ध ७१ टक्के. चष्मा दिल्यावर दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या वर. म्हणजे फरक चष्म्याच्या नंबराचा, दृष्टीचा नव्हे. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, तरी २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं. हा आकडा ध्यानात घेतला तर ही तुलना फक्त डॉक्टरांच्या कामाची राहत नाही.

सोलापुरातल्या खासगी दवाखान्यांत आता फेको रुळलं आहे. चार्ल्स केलमननं १९६७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं हे तंत्र. सेकंदाला हजारो वेळा थरथरणारी पोकळ सुई गाभा फोडते आणि ओढून घेते. छेद तीन मिलिमीटरच्या आत येतो. पण तिथेही सर्जनच्या दुसऱ्या हातात चॉपर असतोच, विजेच्या तारेशिवायचा, बोथट टोकाचा, गाभ्याचे तुकडे करणारा.

लिस्ट संपते. सर्जन हातमोजे काढतात आणि इथून पुढचा तास सिस्टरांचा. आधी कॅन्युला. ऑपरेशनमध्ये वापरलेला चिकट व्हिस्को नळीत वाळला तर ती बुजते. आणि अर्धवट धुतलेल्या नळीतला मळ दुसऱ्या रुग्णाच्या डोळ्यात गेला तर जंतूंशिवायही डोळा दुसऱ्या दिवशी लाल, धूसर होऊ शकतो. म्हणून प्रत्येक नळीतून लगेच, भरपूर डिस्टिल्ड वॉटर सोडायचं. नळाचं पाणी चालत नाही. त्यातले क्षार पोलादावर डाग धरतात. सलाइनही नको, त्यानं गंज चढतो. पुढे अल्ट्रासॉनिक क्लीनर, मग वाळवणं, मग भिंगाखाली प्रत्येक चिमट्याची टोकं मिटवून पाहणं : दोन टोकांतून उजेड दिसता कामा नये. टोकांवर सिलिकॉनच्या टोप्या चढतात, हत्यारं सिलिकॉनच्या काट्यांच्या चटईवर एकमेकांना न टेकता बसतात, आणि ट्रे ऑटोक्लेव्हमध्ये जातो, १२१ अंशांवर. डब्यावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्याखेरीज तो उघडायचा नाही.

एखादा चिमटा फरशीवर पडला, तर तो उचलून धुऊन ट्रेमध्ये परत ठेवता येत नाही. टोक जमिनीला लागलं असेल तर तो दुरुस्तीच्या डब्यात जातो. टायटॅनियमची हत्यारं हलकी असतात, गंजत नाहीत, पण वाकलेलं टोक त्यांनाही माफ करत नाही.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत नेत्रविभागाचे पदव्युत्तर विद्यार्थी याच ट्रेवर शिकतात. आधी खाटकाकडून आणलेले शेळीचे डोळे, मायक्रोस्कोपखाली. शेळीच्या डोळ्याचं आवरण जाड आणि लवचीक असतं, त्यामुळे ते फाडायला कठीण जातं. बोगदा मात्र चांगला सरावता येतो. नंतर खऱ्या रुग्णावर, वरिष्ठांच्या शेजारी बसून, बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमानं : आधी शेवटची पायरी, मग भिंग बसवणं, मग सिम्को. क्रेसंट हातात यायला बरेच महिने लागतात. तो आला, तरी वरिष्ठांचा हात टेबलाजवळच असतो. पात्याची कड चमकायला लागली की ते ‘थांब’ म्हणतात, खुर्चीवर स्वतः बसतात आणि बोगदा बाजूला सरकून नव्यानं सुरू करतात.