परीक्षार्थीचे अवधान आणि त्याचा परिसर : पालघर व बोईसर-तारापूर भागाच्या संदर्भात

शालान्त परीक्षा जवळ आली की ‘मन लावून अभ्यास कर’ हा उपदेश घरोघरी ऐकू येऊ लागतो. या उपदेशात एक गृहीतकृत्य दडलेले आहे. मन लागणे वा न लागणे हे सर्वस्वी विद्यार्थ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, आणि ज्याचे मन लागत नाही तो आळशी तरी असला पाहिजे किंवा उनाड तरी, असे ते गृहीतकृत्य होय. मानसशास्त्राच्या दृष्टीने ते कितपत टिकते याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अवधानाचे स्वरूप

विल्यम जेम्स याने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ऐच्छिक व अनैच्छिक अशा दोन प्रकारच्या अवधानांत भेद केला. मोठा आवाज किंवा हलणारी वस्तू आपले लक्ष आपोआप वेधून घेते. हे अनैच्छिक अवधान होय. ऐच्छिक अवधान प्रयत्नसाध्य असते. तथापि ते एका दमात काही क्षणांपलीकडे टिकत नाही, ढळलेले मन पुनःपुन्हा विषयाकडे आणावे लागते, असे जेम्सचे प्रतिपादन आहे. याचा अर्थ असा की, एकाग्र विद्यार्थ्याचेही मन ढळतेच. मात्र ते लवकर परत येते. म्हणून मन किती वेळा ढळते यापेक्षा, ते परत आणण्यासाठी किती श्रम पडतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. हे श्रम सर्व परिसरांत सारखे नसतात.

परिसराची घडण

१ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात विद्यार्थ्यांच्या परिस्थितीचे तीन ठळक प्रकार दिसतात. पहिला प्रकार बोईसरच्या औद्योगिक पट्ट्याचा. १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र व औद्योगिक वसाहत यांमुळे येथे कामगारवस्ती वाढली. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, खोली एकच आणि तीतच स्वयंपाक, अशा घरात अभ्यासासाठी वेगळी जागा व ठरावीक वेळ मिळणे कठीण असते. दुसरा प्रकार किनाऱ्यावरील व रेल्वेलगतच्या वस्त्यांचा. गाड्यांची ये-जा येथे अखंड असते. शिवाय दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तो काळ लग्नसराईचा व शिमग्याचा असल्याने हळदीच्या रात्री ध्वनिवर्धक उशिरापर्यंत वाजत राहतात.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व इतर मजुरीसाठी स्थलांतर करतात. परीक्षेची अखेरची तयारी नेमकी याच महिन्यांत करावयाची असते. मुलगा आश्रमशाळेत राहिला तर त्याचे मन भट्टीवरच्या माणसांकडे धावते; मुलगी कुटुंबाबरोबर गेली तर धाकट्या भावंडांचा सांभाळ तिच्याकडे येतो. अशा विद्यार्थ्याला ‘मोबाइल बाजूला ठेव’ हा उपदेश अपुरा आहे.

प्रायोगिक पुरावा

परिसराचा परिणाम केवळ तर्काने मानावा लागतो असे नाही. ब्रॉन्झाफ्ट व मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या एका बाजूस उन्नत रेल्वेमार्ग होता. त्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. पुढे रुळांखाली रबरी गाद्या व वर्गांत ध्वनिशोषक छत बसविल्यावर हा फरक नाहीसा झाल्याचे १९८१ मध्ये आढळले. मुले व शाळा तीच प्रकारची राहिली. बदलला तो आवाज. म्यूनिकचा विमानतळ १९९२ मध्ये हलविण्यात आला, तेव्हाही जुन्या जागेजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण सुधारले, तर नव्या जागेजवळच्या मुलांचे खालावले.

भ्रमणध्वनीविषयीचा पुरावा इतका निःसंदिग्ध नाही. तो नुसता जवळ असला तरी विचारशक्तीवर ताण पडतो, असा निष्कर्ष २०१७ मध्ये एका प्रयोगातून काढण्यात आला. परंतु नंतरच्या सर्व प्रयोगांत त्यास दुजोरा मिळालेला नाही. अभ्यास चालू असता तो वारंवार हाताळल्याने खंड पडतो, एवढे मात्र निश्चित.

उपायांचा विचार

विद्यार्थ्याच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. गोल्विट्झर याच्या संशोधनानुसार, नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक प्रसंग आला की अमुक करीन’ असा ठराव अधिक फलदायी ठरतो. ‘वडील कामावर निघाले की गणिताची वही उघडीन’ हा ठराव पाळीच्या घरातही पाळता येतो, कारण तो घड्याळाऐवजी प्रसंगाला बांधलेला असतो. पाळी बदलली तरी तो मोडत नाही. दुसरा उपाय आत्मपरीक्षेचा. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखविले की, पाच मिनिटांनंतर पाहिल्यास पुनर्वाचन करणारे पुढे दिसतात. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे जातात. या पद्धतीचा आणखी एक लाभ असा की, वाचताना डोळे फिरत राहून मन भटकू शकते. आठवून लिहिताना ते भटकले की लेखणी थांबते आणि विक्षेप तत्काळ ध्यानी येतो. गणित व विज्ञान यांच्या प्रत्येक भागाची प्रश्नपत्रिका ४० गुणांची व दोन तासांची असते. तेवढा वेळ सलग बसण्याचा सराव मात्र क्रमाने वाढवावा लागतो.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे मूळ गृहीतकृत्याकडेच परत जाणे होय. शाळेची खोली सायंकाळी अभ्यासासाठी उघडी ठेवणे, परीक्षाकाळात ध्वनिवर्धकांच्या वेळेचे बंधन पाळणे, स्थलांतरित कुटुंबांतील मुलींना वसतिगृहात जागा मिळणे, ही कामे विद्यार्थ्याच्या इच्छाशक्तीने होणारी नाहीत. ती शाळा, ग्रामपंचायत व शासन यांची आहेत.

संशोधकांस येथे एक उपयुक्त क्षेत्र खुले आहे. एकाच शाळेतील रेल्वेलगतचे व दूरचे वर्ग, अथवा अभ्यासिका सुरू होण्यापूर्वीची व नंतरची स्थिती, यांची तुलना अल्प साधनांनी करता येईल. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याच्या मनाविषयी निर्णय देण्यापूर्वी त्याच्या परिसराचे मापन झाले पाहिजे, हीच शास्त्रीय दृष्टी होय.