वाक्यातली चूक शोधताना – भाग ७ : क्रियापद कुणाचं ऐकतं?

गेल्या भागात आपण 'ए', 'ॲन' आणि 'द' पाहिले. मराठीत त्यांना जागाच नाही, त्यामुळे ते का चुकतात हे समजायला सोपं होतं. या वेळचा विषय त्याच्या उलट आहे. क्रियापदाने नामाशी जुळवून घेणं मराठीतही आहे, आणि इंग्रजीहून कितीतरी अधिक बारकाईने आहे. तरीही मराठी माध्यमातली हुशार मुलं नेमकी इथे अडखळतात. त्याचं कारण अभ्यास कमी पडतो हे नाही. कान मराठीवर तयार झालेला असतो, आणि तो इंग्रजी वाक्यात चुकीच्या जागी लागतो.

हे वाक्य पाहा. 'द प्राइस ऑफ सोयाबीन अँड तूर / इन द कळंब मोंढा / हॅव फॉलन शार्पली / नो एरर.' चार तुकड्यांपैकी चूक असलेला तुकडा निवडायचा आहे. घाईत वाचलं तर काही खटकत नाही. सोयाबीन आणि तूर, म्हणजे दोन वस्तू, म्हणून 'हॅव'. पण उतरला आहे तो भाव, सोयाबीन किंवा तूर नव्हे. 'प्राइस' एकवचनी आहे, म्हणून 'हॅज फॉलन'. चूक तिसऱ्या तुकड्यात.

असे प्रश्न कुठे येतात, ते आधी सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात भाषेच्या भागाची तयारी पुष्कळदा शेवटच्या पंधरवड्यावर ढकलली जाते. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. तिथे घडलेला 'पॅटर्न' विज्ञान शाखेच्या परीक्षांसाठी नावाजला, आणि शिकवणी म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र अशी समजूत आपल्याकडेही पक्की झाली. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांत इंग्रजी व्याकरण विचारत नाहीत, त्यामुळे त्या मुलांचं काही बिघडत नाही. पण बीबीए आणि बीसीएसाठी राज्याने २०२४ पासून सीईटी सुरू केली, आणि तिच्या शंभर प्रश्नांपैकी चाळीस इंग्रजीचे ठेवले. एमबीएच्या सीईटीत दोनशेपैकी पन्नास प्रश्न भाषेचे असतात. एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजीला दोनशे गुण आहेत, आणि वाक्यातली चूक ओळखणं हा तिथला जुना प्रकार आहे. तुळजापूरला १९८६ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. तिथले प्रवेश आता सीयूईटीच्या गुणांवर होतात, आणि त्या परीक्षेतही भाषेचा पेपर असतो. परदेशी व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या जीमॅटने मात्र २०२३ च्या अखेरीस आणलेल्या नव्या स्वरूपात वाक्यदुरुस्तीचे प्रश्न पूर्ण काढून टाकले. तेव्हा जुन्या जीमॅट पुस्तकांचे गठ्ठे कुणी स्वस्तात देत असेल, तर सरावापुरते घ्या; ती परीक्षा आता तशी राहिलेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मराठीत क्रियापद कुणाचं ऐकतं?

'भाऊ भाकरी खातो.' इथे क्रियापद भावाचं ऐकतं. 'भावाने भाकरी खाल्ली, भावाने आंबा खाल्ला, भावाने आंबे खाल्ले.' इथे भाऊ तोच, पण क्रियापद भाकरीप्रमाणे आणि आंब्याप्रमाणे बदलतं. 'भावाने बहिणीला बोलावलं.' इथे ते कुणाचंच ऐकत नाही. शाळेत हे कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून शिकवतात, आणि मुलं ते दोन गुणांसाठी पाठ करतात. या तिन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे: ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही, तेच क्रियापदाला हुकूम देऊ शकतं. 'भावाने' म्हटलं की भावाचा अधिकार गेला. तीन-चार वर्षांचं मूल हा नियम सहसा न चुकता पाळतं. ही मोठी ठेव आहे, आणि इंग्रजी शिकवताना ती बाजूला टाकून द्यायला सांगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'इंग्रजीतच विचार करा' हा सल्ला ज्याच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्याला ठीक आहे. परंडा किंवा लोहारा तालुक्यातल्या वस्तीशाळेतून आलेल्या मुलीने कशात विचार करायचा?

मराठी वाक्याची आणखी एक सवय ध्यानात घ्या. आपण विशेषणं आणि 'चा-ची-चे' लागलेले शब्द आधी बोलतो, मुख्य नाम शेवटी. 'कळंबच्या मोंढ्यातला सोयाबीन-तुरीचा भाव उतरला.' भाव हा शब्द क्रियापदाला अगदी खेटून आला. कर्मणी प्रयोगातही तेच होतं; 'भावाने भाकरी खाल्ली' यात भाकरी क्रियापदाच्या शेजारी आहे. वस्तूंची यादी असेल, तर आपण शेवटच्या वस्तूप्रमाणे क्रियापद लावतो: 'एक दप्तर आणि चार वह्या घेतल्या', पण क्रम उलटला की 'चार वह्या आणि एक दप्तर घेतलं'. म्हणजे आपला कान वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकला आहे: क्रियापदाच्या लगत डाव्या हाताला जे नाम आहे, तेच बहुधा धनी.

इंग्रजीत रचना नेमकी फिरलेली असते. मुख्य नाम आधी येतं, आणि त्याचं वर्णन 'ऑफ', 'इन', 'विथ' असे शब्द लावून मागून येत राहतं. त्यामुळे क्रियापदापर्यंत पोहोचताना मुख्य नाम दूर राहिलेलं असतं, आणि जवळ उभं असतं भलतंच कुणीतरी. परीक्षक प्रश्न काढतो तो याच अंतरावर. अंतर जितकं लांब, तितका प्रश्न अवघड. हे एकदा उमगलं की या प्रकारच्या बहुतेक प्रश्नांचं कुलूप उघडतं.

म्हणून माझा सल्ला रूढ सल्ल्याच्या उलट आहे. क्रियापदाच्या आधीचा भाग मराठीत म्हणून पाहा. पूर्ण वाक्य नाही, फक्त कर्त्याचा भाग. मराठीत म्हणताच मुख्य नाम आपोआप शेवटी सरकतं आणि उघडं पडतं. 'द क्वालिटी ऑफ द सीड्स सप्लाइड टु द फार्मर्स' हे मराठीत 'शेतकऱ्यांना दिलेल्या बियाण्याचा दर्जा'. शेवटी दर्जा, प्रत्यय नसलेला, एकवचनी. मग 'वॉज पुअर', 'वेअर' नाही. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'विद्यार्थ्यांची संख्या', म्हणून 'हॅज'. 'ए नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'बरेच विद्यार्थी', म्हणून 'हॅव'. ही जोडी मुलं घोकून घोकूनही परीक्षेत उलटी करतात. मराठीत म्हटली की घोकावी लागत नाही.

पूर्ण वाक्य मराठीत का करायचं नाही? कारण भूतकाळ आला की आपलं क्रियापद कर्माकडे पळतं. 'द बॉय हॅज ईटन द मँगोज' याचं पूर्ण मराठी केलं, तर 'खाल्ले' हे अनेकवचन कानात बसतं आणि हात 'हॅव'कडे जातो. तसंच 'मला आंबे आवडतात' यात आपलं क्रियापद आंब्यांचं ऐकतं, इंग्रजीत मात्र आवडणाऱ्याचं. इंग्रजीत कर्माला हा अधिकार कधीच नाही. म्हणून मराठीची मदत मुख्य नाम शोधण्यापुरती घ्यायची आणि तिथेच थांबायचं.

'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज', 'टुगेदर विथ' या शब्दांवरचे प्रश्न ठरलेले असतात. 'द हेडमास्टर, अलाँग विथ द टीचर्स, हॅव गॉन टु तुळजापूर.' मराठीत म्हणा: 'शिक्षकांसह मुख्याध्यापक'. शिक्षकांना 'सह' लागला, त्यांचा अधिकार गेला, राहिले मुख्याध्यापक. इथवर बरोबर. पण पुढे एक खड्डा आहे. आपण 'मुख्याध्यापक गेले' म्हणतो, आदरार्थी अनेकवचनात. एक माणूस असूनही क्रियापद अनेकवचनी, त्यामुळे 'हॅव' कानाला टोचत नाही. गुरुजी, सरपंच, तहसीलदार, डॉक्टर अशी माणसं वाक्यात आली की आदर बाजूला ठेवून डोकी मोजायची. मुख्याध्यापक एक, म्हणून 'हॅज'.

'वन ऑफ' हा विषय थोडा सावकाश पाहू, कारण इथे चांगली तयारी झालेली मुलंही फसतात. 'वन ऑफ द गर्ल्स हॅज क्लिअर्ड द टेस्ट.' 'मुलींपैकी एक', म्हणून 'हॅज'. हे बहुतेकांना येतं. त्यामुळे 'वन ऑफ' दिसलं की पुढे डोळे मिटून एकवचन, असा नियम ती करून टाकतात. मग येतं: 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू हॅव क्लिअर्ड द टेस्ट.' इथे 'हॅव' बरोबर आहे. 'हू'च्या पुढचं क्रियापद 'हू'च्या आधीच्या नामाचं ऐकतं, आणि ते नाम 'गर्ल्स' आहे. मराठीत म्हणा: 'परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलींपैकी ती एक'. 'झालेल्या मुलींपैकी' यातलं अनेकवचन लगेच सांगून टाकतं की उत्तीर्ण झालेल्या मुली अनेक आहेत. आता एक शब्द वाढवा: 'शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू हॅज क्लिअर्ड द टेस्ट.' 'मुलींपैकी उत्तीर्ण झालेली ती एकटीच'. 'झालेली' एकवचन, म्हणून 'हॅज'. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जिथे नियम आठवावा लागतो, तिथे मराठी मुलीला 'झालेल्या' आणि 'झालेली' यांतला फरक जन्मापासून माहीत आहे.

'आयदर-ऑर' आणि 'नायदर-नॉर' यांत मात्र आपली जुनी सवय तशीच्या तशी चालते: जवळच्याचं ऐकायचं. 'नायदर द सरपंच नॉर द मेंबर्स वेअर प्रेझेंट.' 'अँड'ने जोडलेल्या दोन वेगळ्या गोष्टींना मात्र, क्रम कसाही असो, अनेकवचन. 'ईच' आणि 'एव्हरी' यांवर वेळ घालवायला नको. 'प्रत्येक मूल येतं' हे आपण एकवचनातच बोलतो.

उलट्या क्रमाची वाक्यं थोडी दुर्मीळ, पण येतात. 'इन द नळदुर्ग फोर्ट इज टू फेमस वॉटरफॉल्स.' क्रियापद आधी, कर्ता नंतर. किल्ल्यात काय आहेत? नर आणि मादी, दोन धबधबे. म्हणून 'आर'.

क्रियापदाचाच विषय निघाला आहे, तर आपल्या बोलीबद्दल थोडं. मराठवाड्यात आपण 'जेवायलोय', 'जायलाव', 'काय करायलास?' असं बोलतो. चालू काळाचं हे रूप फार नेटकं आहे. पण ते आपण 'मला वाटायलंय', 'मला दिसायलंय', 'मला कळायलंय' इथपर्यंत नेतो, आणि त्याच वाटेने इंग्रजीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम नोइंग' येतं. इंग्रजीत कळणं, माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं ही क्रियापदं सहसा चालू काळात जात नाहीत. बोली सुधारायची गरज नाही, कुणी तसं म्हणालं तर ऐकू नका. 'आयलंय' मनात वाजलं की त्या इंग्रजी क्रियापदावर एकदा बोट ठेवायचं, एवढंच.

सरावाबद्दल. एमबीए सीईटीत दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद मिळतात. हा वेग परीक्षेच्या जवळ आणायचा; सुरुवातीला घड्याळ दूर ठेवा. रोज दहा वाक्यं पुरेत, पण प्रत्येक वाक्याखाली दोन गोष्टी लिहायच्या: क्रियापद कोणतं आणि ते कोणत्या नामाचं ऐकतं. उत्तर बरोबर आलं तरीही लिहायच्या, कारण अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर परीक्षेत दुसऱ्या वेळी दगा देतं. वाक्यात खरोखर चूक नसली तरी मुलं 'नो एरर' निवडायला कचरतात आणि कुठलातरी तुकडा दोषी ठरवतात. क्रियापद आणि त्याचा धनी सापडले, जुळले, आणि दुसरं काही खटकत नसेल, तर 'नो एरर' निर्धास्त निवडा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्न रिकामा सोडायचा नाही. एनडीएत एकतृतीयांश गुण कापतात. तिथे धनी सापडला नाही तर पुढे चला.

पुस्तकांत रेन अँड मार्टिन आजही उपयोगी आहे. पण त्यातलं क्रियापदाच्या मेळाचं प्रकरण उघडण्याआधी मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणातलं प्रयोगाचं प्रकरण एकदा वाचा. दहावीनंतर ते पुस्तक बहुधा माळ्यावर गेलेलं असतं. एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिका केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. चूक ओळखण्याचे प्रश्न तिथून काढून घ्या. बाजारातल्या संचांपेक्षा त्यांची भाषा अधिक काळजीपूर्वक केलेली असते.

या आठवड्याची वाक्यं अशी. पहिलं: 'द रिपोर्ट ऑन द वेल्स ऑफ भूम अँड वाशी वेअर सबमिटेड यस्टरडे.' दुसरं: 'द डॉक्टर, ॲज वेल ॲज द नर्सेस, वॉज ऑन ड्यूटी.' तिसरं: 'उमरगा इज वन ऑफ द टाउन्स दॅट लाइज निअर द कर्नाटक बॉर्डर.' चौथं: 'आयदर द ब्रदर्स ऑर द सिस्टर हॅव द की.' पाचवं: 'ए नंबर ऑफ पिल्ग्रिम्स वॉज वेटिंग ॲट द बस स्टँड.' यांतलं एक वाक्य पूर्ण बरोबर आहे. प्रत्येकासमोर क्रियापदाचा धनी लिहून ठेवा. उत्तरं पुढच्या भागात देतो, आणि त्याबरोबर 'दोन वर्षांपासून राहतोय' याचं इंग्रजी करताना काळ का घसरतो, तेही पाहू.